हेडसेट माझा, आवाज शेटचा, आणि तो शेटलाच परत ऐकू जातोय

गुळाचा दिवाणजी

रामराम मंडळी.

मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका पेढीवर दिवाणजी आहे. वय ५४. कंप्युटरचं म्हणाल तर टॅली आणि व्हॉट्सअ‍ॅप, तिथं माझी हद्द संपते. तेव्हा सांगताना जरा दमानं सांगा.

आमचा निम्म्याहून जास्त माल गुजरातला जातो. इतकी वर्षं मोबाइल मानेत धरून एका हातानं सौदा लिहीत आलो, मान कायमची वाकडी झाली. औंदा आण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, लॅपटॉप घेऊन दिला. म्हणाले, शेट लोकांशी यावरनं बोला, हात मोकळे राहतात आणि रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंगही कॅमेऱ्यात दाखवता येतो. पोरानं आपला गेम खेळायचा जुना हेडसेट दिला. त्याला दोन पिना, एक हिरवी, एक गुलाबी. लॅपटॉपला भोक एकच. मग स्टेशन रोडवरनं दोनाचं एक करणारी आखूड वायर आणली, ६० रुपयांची, आणि कारभार सुरू केला.

मला सगळं खणखणीत ऐकू येतंय. घोळ पलीकडं आहे. शेट काही बोलला की त्याचं बोलणं त्यालाच परत ऐकू जातंय. लगेच नाही, जरा थांबून, विहिरीत ओरडल्यागत. रोजचं एकच गाणं: "दिवाणजी, मारो ज अवाज पाछो आवे छे!" एक शेट तर आता फोन उचलला की आधी "हेडसेट काढ" म्हणतो, मग रामराम.

हसण्यावारी नेलं असतं, पण मंगळवारी अंगाशी आलं. १०० रव्यांचा सौदा. ३० किलोचा रवा, म्हणजे ३० क्विंटल. मी भाव सांगितला ४१००. शेट म्हणाला, "चालीस सौ?" आणि त्याचंच "चालीस सौ" फिरून त्याच्या कानात गेलं. त्याला वाटलं मी होकार दिला. फोन ठेवला, गाडी भरली, बिल गेलं, आणि मग भांडण. क्विंटलला १०० म्हणजे ३००० रुपयांचा फरक. शेवटी निम्मा निम्मा सोसला. आण्णा काही बोलले नाहीत. नुसतं माझ्या हेडसेटकडं बघितलं आणि पान लावत बसले.

काय काय करून बघितलं ते सांगतो. लॅपटॉप बंद करून चालू केला. पेढीचं नेट सोडून मोबाइलचं लावलं. शेजारच्या पेढीवरच्या पोराचा हेडसेट मागून आणला, तोही दोन पिनांचाच. तरी तेच. आमचा मुकादम म्हणाला, दिवाणजी, पत्र्याचं छत आहे, घुमणारच. म्हणून रात्री लॅपटॉप घरी नेला, मंगळवार पेठेत, गादीवर बसून पुण्याच्या लेकीला फोन लावला. तिलाही तिचा आवाज परत. म्हणजे पत्रा सुटला.

आता कुठं हात घालू?

रंकाळ्यावरची हवा

भावा, ब्लूटूथचा घे की. वायरच नाही तर वायरचं लफडंच नाही. विषय कट.

गुळाचा दिवाणजी

भावा, दोन हेडसेट झाले. तिसरा आणायचा तर आण्णांना कारण सांगावं लागतंय, आणि "विषय कट" हे कारण त्यांना पटणार नाही.

राजारामपुरीचा सोल्डर

दिवाणजी, निम्मं उत्तर तुम्हीच लिहिलंय. हेडसेट बदलला, नेट बदललं, जागा बदलली. एकच गोष्ट सगळीकडं बरोबर फिरली. ती ६० रुपयांची वायर.

पण लगेच फेकू नका. माझ्या टेबलावर रोज असे हेडसेट येतात आणि माणूस चुकीची गोष्ट फेकून आलेला असतो. आधी खात्री करा. शेटचा आवाज तुमच्या माइकात दोन वाटांनी शिरू शकतो. एक हवेतनं: कानावरच्या कपातनं बाहेर गळतो आणि दांडीवरच्या माइकात जातो. दुसरी तारेतनं: कान आणि माइक यांची वायर कुठंतरी एकत्र येते, तिथं पाझरतो. दोन्हीचं औषध वेगळं.

अशी तपासणी करा. घरातल्या कुणाला तरी फोन लावा आणि एकसारखं बोलत राहायला सांगा. हेडसेट डोक्यावरनं काढा. दोन्ही कप एकमेकांवर तोंडाला तोंड लावून दाबा, वर जाड टॉवेल गुंडाळा, माइकची दांडी तेवढी बाहेर ठेवा. आता पलीकडच्याला विचारा. परत येणारा आवाज एकदम कमी झाला तर हवेतनं गळतंय. जसाच्या तसा राहिला तर तारेतनं.

आणि एक बघाच. खाली उजवीकडं स्पीकरचं चित्र आहे, त्यावर राइट क्लिक, साउंड सेटिंग्ज. तिथं खाली मोअर साउंड सेटिंग्ज. रेकॉर्डिंगच्या पानावर तुमचा मायक्रोफोन, त्याच्या प्रॉपर्टीज, मग लेव्हल्स. तिथं मायक्रोफोन बूस्ट नावाची पट्टी असेल. ती कितीवर आहे ते इथं लिहा. त्याच रेकॉर्डिंगच्या पानावर स्टिरिओ मिक्स नावाचं काही चालू दिसलं तर तेही सांगा. ते चालू राहून डिफॉल्ट झालं की कंप्युटरमधला सगळा आवाज थेट समोरच्याला जातो, मग हेडसेट देवाचा असला तरी उपयोग नाही.

तानपुरा आणि तवा

दादा, मी ऑनलाइन गाणं शिकवते, तर या प्रतिध्वनीनं माझी दोन वर्षं खाल्ली आहेत. माझा प्रकार थोडा निराळा होता, पण सांगते, कुणाच्या तरी कामी येईल.

झूममध्ये ओरिजिनल साउंड म्हणून एक सोय आहे. ती नसेल तर झूम तंबोऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं. सा लावला की दोन सेकंदांत सा गायब. म्हणून ती सोय चालू करावी लागते. पण तिच्या पोटात इको कॅन्सलेशनची वेगळी खूण आहे, आणि ती काढलेली असली की कानातून गळणारा प्रत्येक स्वर विद्यार्थ्याकडे परत. माझे हेडफोन मागून उघड्या जाळीचे होते. ऐकायला फार गोड, पण गळके. बेळगावची विद्यार्थिनी एक तान घ्यायची आणि तिला ती दोनदा ऐकू यायची. एकदा म्हणाली, "बाई, मागून कुणीतरी माझी नक्कल करतंय." कप बंद असलेले हेडफोन घेतले आणि आवाज उतरवला, तेव्हा थांबलं.

आणि ब्लूटूथवाल्या भावाला: वायर गेली म्हणून त्रास गेला असं नाही. माझ्या भाच्याचं झालं ते असं. कानात ब्लूटूथ, पण बोलणं जात होतं लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकातून. एक कुंडल कंटाळून टेबलावर काढून ठेवायचा, ते लॅपटॉपशेजारी बडबडत असायचं. त्याचा साहेब रोज स्वतःलाच दोनदा ऐकायचा.

गुळाचा दिवाणजी

सोल्डरभाऊ, तपासणी केली. लेकीला फोन लावला, म्हटलं बोलत राहा. म्हणाली काय बोलू. म्हटलं पाढे म्हण. तिनं एकोणतीसचा काढला, मला चिडवायला, कारण लहानपणी तिला तो येत नव्हता म्हणून मी मारलं होतं. कप तोंडाला तोंड लावून वर आमच्या हिचा टर्किशचा टॉवेल गुंडाळला. "एकोणतीस चोक सोळाहोत्तरशे" म्हणाली, आणि लगेच, "बाबा, सोळाहोत्तरशे परत आलं." टॉवेलचा काडीचा फरक नाही.

बूस्ट बघितला. +३० वर होता. पोराला विचारलं, तो म्हणाला मीच केला होता, मित्रांना आवाज कमी जायचा म्हणून. स्टिरिओ मिक्स बंद आहे.

आणि एक गोष्ट सांगायची लाज वाटते. ती दोनाची एक करणारी वायर उपसून बघितली तर पिनेला गूळ. आमच्याकडं सकाळी सौद्याच्या वेळी रव्याचा कोपरा फोडून चव घेतात, मीही घेतो, आणि त्याच हातानं पिना काढतो घालतो. पिनेवर तांबूस थर बसलाय. लॅपटॉपच्या भोकाच्या तोंडाशी एक मुंगी पण होती. मेलेली.

राजारामपुरीचा सोल्डर

नाद खुळा! मुंगीवाली केस मला पहिलीच.

आता ऐका. पिनेकडं नीट बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा आहेत, म्हणजे धातूचे चार तुकडे. टोकाचा डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, मग अर्थिंग, आणि बुडाशी माइक. आता बाजारात चालतो तो हा क्रम. काही जुन्या मोबाइलांत शेवटचे दोन उलटे असायचे. अर्थिंगचा तुकडा एकच आहे हे लक्षात ठेवा. दोन्ही कानांना गेलेला करंट परत येतो तो त्याच तुकड्यातनं, आणि माइकही त्याच तुकड्याला धरून आपला बारीकसा आवाज मोजतो. तुकडा स्वच्छ असेल तर काही बिघडत नाही.

हिशेब करून दाखवतो, तुम्ही हिशेबातले आहात. कानातला एक स्पीकर साधारण ३२ ओहमचा धरा. दोन मिळून अर्थिंगच्या वाटेला १६. आता त्या तुकड्यावर गूळ बसून, किंवा आतली तार केसाएवढी असल्यामुळं, १ ओहमचा अडथळा आला. म्हणजे १७ भागांतला १ भाग, जवळपास ६ टक्के आवाज, तिथंच अडकतो आणि माइकाच्या वाटेत उभा राहतो. ६ टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण माइकाचा स्वतःचा आवाज मुळात काही मिलिव्होल्टचा. त्यावर पोरानं +३० डीबी बूस्ट लावलाय. २० डीबी म्हणजे १० पट, ३० म्हणजे सुमारे ३२ पट. तुमचं बोलणं ३२ पट झालं, त्याबरोबर पाझरलेला शेटही ३२ पट झाला.

टॉवेलनं फरक पडला नाही कारण हवेतनं काही जातच नव्हतं.

करायचं काय: आधी बूस्ट +१० वर आणा. हेडसेटचा आवाज १०० वर असणार, पैज लावतो, तो ६० वर आणा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं आयपीए मिळतं, पिना पुसायचं स्पिरिट, ते कापडावर घेऊन पीन पुसा. लॅपटॉपच्या भोकात काही ओतू नका! मुंगी टाचणीनं नाही, दुकानात नेऊन काढा. एवढ्यानं कमी होईल. जाईल असं म्हणत नाही.

निवृत्त ट्रंककॉल

नमस्कार दिवाणजी. मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली. कोल्हापूरहून मुंबईला ट्रंक कॉल बुक करून लोक तासन् तास वाट बघायचे त्या काळापासून. सोल्डर यांनी तारेचं नेमकं सांगितलं, मला त्यात भर घालायची नाही. पण तुमचे शेट तुम्हाला "हेडसेट काढ" म्हणतात ते बरोबर म्हणतात, हे तुम्हाला पटलं आहे का, अशी शंका आली म्हणून लिहितो.

आमच्याकडं पहिली गोष्ट शिकवत ती ही, की ज्याला आपलाच आवाज परत ऐकू येतो त्याचं यंत्र बहुधा ठीक असतं. दोष समोरच्या टोकाला. ज्याच्याकडं बिघाड, त्याला सगळं खणखणीत ऐकू येतं, म्हणून तो कबूल करत नाही. माझ्या अर्ध्या तक्रारी याच भांडणाच्या असायच्या.

जुन्या फोनलाही हे दुखणं होतं. घरापर्यंत येणाऱ्या तारा दोन, जाणारा येणारा आवाज त्याच दोन तारांवर. लांबच्या मार्गावर मात्र चार, जायच्या दोन वेगळ्या, यायच्या दोन वेगळ्या. दोनाचं चार करणारा एक सांधा असायचा, त्याला हायब्रिड म्हणत. तो कधीच पूर्ण तोलात नसायचा, थोडा आवाज उलटा पाझरायचाच. म्हणजे तुमच्या ६० रुपयांच्या वायरीसारखाच सांधा, फक्त एक्स्चेंजमध्ये.

मग गावातल्या गावात का ऐकू येत नव्हतं? कारण तो इतक्या लवकर परत यायचा की बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात मिसळून जायचा. २०-३० मिलिसेकंदांच्या आत आलेला प्रतिध्वनी कानाला वेगळा कळत नाही. खरं तर फोनमध्ये आपला आवाज आपल्याच कानात थोडासा मुद्दाम सोडलेला असतो, साइडटोन म्हणतात, नाहीतर माणसाला फोन मेल्यासारखा वाटतो आणि तो ओरडायला लागतो. अंतर वाढलं की उशीर वाढतो आणि तोच आवाज वेगळा ऐकू यायला लागतो. उपग्रह आले तेव्हा तर पंचाईत झाली. तो वर ३६,००० किलोमीटरवर, जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. इंटरनेटवरही आवाजाची पुडकी बांधून पाठवतात, उशीर होतोच. म्हणून तुमच्या हेडसेटमधला पाझर साध्या फोनवर कुणाला कळलाही नसता.

त्यावरचं औषध १९६० च्या दशकात अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये निघालं. त्यातलं एक मोठं नाव आपल्या भारतात जन्मलेल्या माणसाचं आहे, मनमोहन सोंधी. १९६७ साली त्यांचा त्यावरचा निबंध छापून आला. कल्पना अशी: समोरून काय आवाज आला हे यंत्राला माहीत असतंच. तो आपल्याकडं कोणत्या वाटेनं, किती उशिरानं, किती बारीक होऊन माइकात शिरतो याचा अंदाज यंत्र सतत सुधारत राहतं, आणि माइकातून निघालेल्या आवाजातून तेवढा वजा करतं. आज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आणि या बाईंच्या झूममध्ये जे इको कॅन्सलेशन आहे ते त्याच कल्पनेचं नातवंड.

(विषय निघालाच आहे तर: विजापूरचा गोलघुमट पाहिला नसेल तर पाहा. तिथल्या सज्जात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. तिथं कोणतंही कॅन्सलेशन चालणार नाही.)

गुळाचा दिवाणजी

साहेब, हे मला एकदम कळलं, कारण आम्ही रोज तेच करतो. काट्यावर माल चढला की एकूण वजन, त्यातनं बारदान वजा, राहिलं ते गुळाचं. शेटचा आवाज म्हणजे बारदान, माझा आवाज म्हणजे गूळ. बरोबर ना?

मग ते यंत्र माझ्याकडं बारदान वजा का करत नव्हतं, एवढंच सांगा. लॅपटॉपमध्ये ते नाही काय?

निवृत्त ट्रंककॉल

बरोबर. आहे, आणि करत असणार. पण काटा ५०० किलोचा आणि तुम्ही त्यावर ८०० चढवले तर काटा ५०० वरच अडकतो. आता त्यातून बारदान वजा करून येणारं उत्तर खरं येईल का? +३० बूस्ट आणि १०० चा आवाज यांनी तेच केलं. आवाजाची टोकं छाटली जातात, वेडीवाकडी होतात, आणि यंत्राला ओळखीचं बारदान सापडेनासं होतं.

गुळाचा दिवाणजी

समजलं. ५०० च्या काट्यावर ८०० चढवणारा हमाल माझ्याच घरात निघाला.

बूस्ट +१० वर आणला. आवाज खरंच १०० वर होता, सोल्डरभाऊ पैज जिंकले. यार्डात सकाळी गाड्या, हमाल, मुकादमाची बोंब, त्यात शेट ऐकू यावा म्हणून मी तो शेवटपर्यंत रेटलेला. ६० वर आणला. पीन पुसली. कापड बघून आमची ही म्हणाली, पाक झाला.

लेक म्हणाली, परत येतंय पण लांबून, आता दुसऱ्या खोलीतनं आल्यागत. म्हणजे आणखी एक पायरी राहिली.

राजारामपुरीचा सोल्डर

ती पायरी म्हणजे तो सांधाच काढून टाकणे. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, अंगठ्याएवढं. एकीकडं यूएसबी, दुसरीकडं दोन वेगळी भोकं, एकावर कानाचं चित्र, एकावर माइकचं. माझ्याकडं साधं २०० ते ३०० च्या घरात जातं. तुमच्या हेडसेटला आधीच दोन पिना आहेत, म्हणजे कानाच्या आणि माइकच्या तारा वेगळ्याच आहेत. त्यांना जबरदस्तीनं एका अर्थिंगवर बसवलं तुमच्या त्या वायरीनं. हिरवी हिरव्या जागी, गुलाबी गुलाबी जागी घाला. हेडसेट चांगला आहे, तो टाकू नका.

घेताना एकच बघा: भोकं दोन पाहिजेत. एकाच भोकाचं घेतलंत तर परत तीच आखूड वायर लावावी लागेल आणि मला शिव्या घालाल.

रंकाळ्यावरची हवा

म्हणजे ब्लूटूथ नको?

राजारामपुरीचा सोल्डर

भावा, घे की. पण ते यार्डात दुपारी चारला चार्जिंग संपवतंय आणि शेट बरोबर चार वाजून पाच मिनिटांनी फोन करतोय.

तानपुरा आणि तवा

दादा, नवीन कार्ड लावलं की कंप्युटरला आपोआप कळेल असं धरून चालू नका. माझ्याकडे कान नव्या कार्डावर गेले आणि माइक जुन्याच जागी राहिला. आठवडाभर विद्यार्थिनी म्हणत होत्या, बाई, कुकरच्या शिट्ट्या फार स्पष्ट येतात. साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट आणि इनपुट दोन्हीकडे त्या कार्डाचं नाव आहे का ते बघा, आणि ज्या अ‍ॅपवरून बोलता त्याच्या सेटिंगमध्येही.

गुळाचा दिवाणजी

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांची गडबड होती.

यूएसबीचं ते अंगठ्याएवढं आणलं. २५० ला. आण्णांना कारण सांगितलं: काट्याचं बारदान नीट वजा होत नव्हतं. त्यांनी पुढं एक शब्द विचारला नाही, गल्ल्यातनं काढून दिले. लावलं, आणि ताई म्हणाल्या तसंच झालं. कान नव्यावर, माइक लॅपटॉपचाच. शेट म्हणाला, दिवाणजी, तुझ्यापेक्षा मुकादम जवळ वाटतोय. इनपुट बदललं.

मग लेकीला लावला. एकोणतीसचा पाढा पहिल्यापासून दहापर्यंत म्हणवला. काही परत आलं नाही. तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, बाबा, आता ठेवू का, मला ऑफिस आहे.

मग धीर करून त्या ३००० वाल्या शेटला लावला. तो सवयीनं "हेडसेट काढ" म्हणाला आणि गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "हेलो?" परत, "हेलो?" आवाज परत येईना म्हणून त्याला वाटलं फोन कट झाला. मी इथं आहे म्हटल्यावर हसला. त्या दिवशी ५० रव्यांचा सौदा झाला, भाव मी दोनदा म्हणवून घेतला आणि वहीत लिहिला. सवय लागलीय ती आता जात नाही.

पीन आता ओल्या फडक्यानं हात पुसूनच काढतो. सकाळी गूळ चाखायचा तो डाव्या हातानं.

पण एक नवीन निघालंय, ते विचारतो आणि थांबतो. आधी माझ्या माइकातनं सगळा रेंदा जायचा, त्यात मागचं कुणाला कळायचं नाही. आता स्वच्छ जातंय. काल मी शेटला ४१५० वर धरून बसलो होतो, आणि आण्णा मागं खुर्चीत पान लावता लावता पुटपुटले, "सोड की चाळीसशेला, गिऱ्हाईक जुनं आहे." शेट पलीकडनं लगेच म्हणाला, "दिवाणजी, आण्णा बराबर बोले छे."

हेडसेटच्या वायरवर एक बारकी सरकती पट्टी आहे, तिच्यावर माइकचं चित्र नि आडवी रेघ. ते म्यूटच ना?

राजारामपुरीचा सोल्डर

व्हय. तेच. आण्णा पान लावायला घेतले की सरकवायची.